बॅकअपमधून वगळायच्या टेबलांची यादी

आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. रोज रात्री क्रॉनमधून पीजी डंप चालतो. लॉगिन सेशन, एसएमएसची रांग, ऑडिट लॉग यांचा डेटा बॅकअपमध्ये नको असतो, नुसता सांगाडा पुरतो. ती सगळी नावं एकाच लांबलचक कमांडमध्ये होती. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश, खाली पुढचं टेबल.

एका सकाळी बॅकअपची डिस्क गच्च भरलेली आणि डंप अर्धवट. स्क्रिप्ट वरवर ठीक दिसत होती. कुणीतरी मधल्या एका ओळीआधी हॅश टाकून, हे टेबल का वगळलं, त्याची टीप लिहिली होती. हेतू चांगलाच. पण शेलसाठी कमांड त्या टिपेपाशीच संपली. खालची वगळणी लागूच झाली नाहीत आणि ऑडिट लॉग पूर्ण उतरला. ‘कमांड नॉट फाउंड’ अशा ओळी क्रॉनच्या मेलमध्ये होत्या. तो मेल कोण उघडतं!

पोस्टग्रेस 17 पासून, म्हणजे सप्टेंबर 2024 पासून, पीजी डंपला फिल्टर हा पर्याय आहे. आमचा सर्व्हर 14 चा. पण नवा पीजी डंप 9.2 पर्यंतच्या जुन्या सर्व्हरवरूनही डंप घेतो, म्हणून फक्त क्लायंट बदलला. आता यादी वेगळ्या फाइलमध्ये असते आणि फिल्टर ती वाचतो. एका ओळीत एक नियम: आधी इन्क्लूड किंवा एक्स्क्लूड, मग प्रकार, मग नाव. हॅश लावून टीप लिहिता येते आणि काही तुटत नाही. शब्द चुकला तर ओळीचा नंबर सांगून डंप थांबतो.

तरीही पहिल्या रात्री फाइल मोठीच आली. जरा धसकाच घेतला. ऑडिट लॉगचे महिनावार पार्टिशन आहेत. ‘एक्स्क्लूड टेबल_डेटा’ लिहून फक्त मूळ टेबल वगळलं जातं, पार्टिशनचा डेटा येतोच. तिथे ‘टेबल_डेटा_अँड_चिल्ड्रन’ लिहावं लागतं. ते केल्यावर आकार उतरला.

वगळायच्या टेबलाचं नाव चुकलं, तर मात्र पीजी डंप चकार शब्द काढत नाही. ‘स्ट्रिक्ट नेम्स’ हा पर्याय लावला तरी तो इन्क्लूडचीच नावं तपासतो. म्हणून यादी बदलली की मी पीजी रिस्टोअर -एल चालवून ‘टेबल डेटा’च्या ओळी बघते. आमचा डंप कस्टम फॉरमॅटमध्ये असतो, त्यामुळे हे जमतं.

इन्क्लूड आम्ही वापरतच नाही. त्यात नवं टेबल आलं आणि यादीत घालायचं राहिलं की ते गुपचूप बाहेर राहतं. शिवाय टेबलं निवडून घेतली, तर त्यांना लागणारी फंक्शनं नि टाइप आपोआप येत नाहीत. नको असलेलं टेबल चुकून आलं तर डिस्क भरते, हवं असलेलं राहिलं तर ते रिस्टोअरच्या दिवशी कळतं.