पांढऱ्यातला पांढरा

मांडवीतल्या आमच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं दिसलं की शेजारी म्हणतात, “पिठ्या ढेकूण! फवारा मारा.” मी आधी काडीने डिवचते. ढेकूण रस शोषत जागीच बसतो. जे मोठं, झिपरं पांढरं तुरुतुरु चालू लागतं, ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी. ती ढेकणांनाच खाते. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणलेला.

ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मेणाच्या पांढऱ्या वेषामुळे अळी त्या पहाऱ्यातून निभावते. माणसाच्या हातून मात्र त्याच वेषापायी मरते. मोठेपणी काळा, केशरी डोक्याचा झाला की त्याला कुणी ढेकूण समजत नाही. जपायचं ते त्याचं बालपण.