मरुभूमींत दोन रात्री

वाळवंट पाहण्यासाठीं कोणी पदरचे पैसे खर्चून जातें, ही गोष्ट आमच्या पिढीला सहजासहजीं पटत नाहीं. अमरकोशांत मरु आणि धन्वा हे शब्द समानार्थी दिले आहेत, आणि मरु शब्दाची व्युत्पत्ति मृ धातूपासून सांगतात. म्हणजे जेथें प्राणी मरतात तो प्रदेश. मुलांना हें शिकविण्यांत ज्याचें सारें आयुष्य गेलें, त्याला त्याच्याच चिरंजिवांनीं दूरध्वनीवरून विचारावें कीं, "आबा, यंदा इकडे याल तेव्हां आपण सगळे वाळवंटांत तंबू ठोकून राहूं या का?" तर त्याला काय वाटेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आमचे थोरले चिरंजीव कॅलिफोर्नियांत लॉस एंजेलिस शहराजवळ असतात. त्यांच्या मनांत होतें तें जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान. तें त्या शहराच्या पूर्वेस सुमारें १४० मैलांवर आहे. 'उद्यान' म्हटल्यावर कारंजीं आणि गुलाबांचे ताटवे डोळ्यांपुढें येतात, ते वाचकांनीं कृपा करून दूर सारावे. हा सुमारें ३,२०० चौरस किलोमीटरांचा ओसाड मुलूख आहे. मोहावी आणि कोलोरॅडो हीं दोन वाळवंटें येथें एकमेकांस भेटतात. पहिलें उंचावरचें व त्यामानानें थंड, दुसरें सखल व अधिक तापट. मिनर्व्हा हॉइट नांवाच्या पॅसाडीना येथील एका श्रीमंत बाईंना या रुक्ष भूमीचा विलक्षण लळा होता. शहरांतले हौशी लोक आपल्या बागा सजविण्यासाठीं येथले निवडुंग उपटून गाड्या भरभरून नेत, तें त्यांना पाहवेना. त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १९३६ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हा मुलूख राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला. पुढें १९९४ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें.

चिरंजिवांचा पहिला बेत जून महिन्याचा होता. नातवंडांच्या शाळेला तेव्हां लांब सुटी असते. आम्हीं साफ नकार दिला. तेथें उन्हाळ्यांत पारा ३८ अंशांच्या वर चढतो, सावलीचें नांव नाहीं, आणि त्या उन्हांत वाट चुकून माणसें दगावलीं आहेत. "आबा, इतकें काय घाबरायचें? गाडी आहे, बर्फाची पेटी आहे," असें ते म्हणाले. त्यांस आम्हीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं. येथें देतों.

१९८८ सालच्या चैत्रांत, वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, आम्ही बावीस मुलें घेऊन सह्याद्रींतील एका किल्ल्यावर गेलों होतों. वरच्या टांक्यांत बारमाही पाणी असतें असें ऐकलें होतें. ऐकलें होतें एवढेंच. वर पोहोंचलों तों टांकें कोरडें ठणठणीत, तळाशीं हातभर हिरवा चिखल. मुलांजवळच्या बाटल्या चढतांनाच संपल्या होत्या. भर दुपारीं उतरतांना सातवींतला एक मुलगा असंबद्ध बडबडूं लागला आणि मग बोलेनासाच झाला. अंगाला हात लावला तर घामाचा टिपूस नाहीं, कातडी मात्र तव्यासारखी. त्याला पाठुंगळीं घेऊन आम्ही कसे उतरलों तें आठवत नाहीं. पायथ्याच्या वाडींतल्या एका बाईनें डोक्यावरची अख्खी घागर त्याच्या अंगावर रिती केली, एवढें आठवतें. मुलगा वांचला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले, आमच्यासमोर उभे राहिले, आणि एक शब्दही न बोलतां निघून गेले. ते कांहीं बोलले असते तर बरें झालें असतें. त्यानंतर सहलीचें पाणी आम्ही स्वतः मोजल्यावांचून घराबाहेर पडलों नाहीं.

तर जून रद्द झाला, आणि आम्ही २०२४च्या भाद्रपदांत तिकडे गेलों. बेत ठरला ९ ते ११ नोव्हेंबरचा. ११ नोव्हेंबर हा पहिलें महायुद्ध थांबल्याचा दिवस. अमेरिकेंत तो माजी सैनिकांच्या गौरवार्थ सुटीचा असतो, आणि त्या वर्षीं तो सोमवारीं आल्यानें तीन दिवस सलग मोकळे मिळाले. भाऊबीज त्याआधींच होऊन गेल्यामुळें फराळाचे डबे तयारच होते. शिवाय पंचांग उघडलें, तर ९ तारखेस कार्तिक शुद्ध अष्टमी. म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळणार, आणि पुढें पहांटेपर्यंत निखळ अंधार. २०१७ सालापासून या उद्यानाची गणना काळोख्या आकाशाच्या राखीव स्थळांत होते. येथपर्यंत येऊन तारे न पाहणें म्हणजे पंढरपुरास जाऊन विठोबाला चुकविण्यासारखेंच.

तेथें तंबूची जागा सहा महिने आधीं राखून ठेवतां येते, आणि सुट्यांच्या दिवसांत ती पहिल्या कांहीं घटकांतच संपते. सूनबाईंनीं मे महिन्यांतच सकाळीं संगणकापुढें बसून जंबो रॉक्स या तळावरच्या लगतच्या दोन जागा मिळविल्या. एका जागेवर सहांहून अधिक माणसांस राहूं देत नाहींत, आणि आम्ही मंडळी नऊ: आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, तेरा वर्षांचा नातू, नऊ वर्षांची नात, आमचा पुतण्या, त्याची पत्नी, आणि पुतण्याच्या आई, म्हणजे आमच्या वडील वहिनी.

वहिनींचाच प्रश्न अवघड होता. वय ७८, गुडघे दुखरे, आणि नऊवारीखेरीज अंगाला दुसरें कांहीं लावायचें नाहीं. रात्रीं थंडी, जमिनीवर झोंप, तळावर पाणी नाहीं, शौचकूप खड्ड्याचे. त्यांनीं घरींच रहावें असें सर्वांत ठासून कोणी म्हटलें असेल तर तें आम्हींच. वहिनींनीं वाद घातला नाहीं. "बरें तर, भावोजी," म्हणून त्या चकल्यांचा डबा भरावयास बसल्या. त्यांच्या पाठमोऱ्या बसण्यानें आम्हांला त्या शाळेंत आलेल्या गृहस्थांची आठवण व्हावी, हें कांहीं बरें लक्षण नव्हतें.

सूनबाई दोन दिवस नकाशा घेऊन बसल्या. मग आमच्यासमोर एक कागद ठेवून म्हणाल्या, "मामंजी, मोठ्या आईंना जें झेपेल तेवढेंच मी वेगळें काढलें आहे." कॅप रॉकभोंवतालची वाट अर्ध्या मैलाहूनही थोडकी आणि सपाट, चाकाच्या खुर्चीवरून सुद्धां जातां येईल अशी. कीज व्ह्यू हें ५,१८५ फूट उंचीवरचें ठिकाण, पण मोटर जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. चोया निवडुंगांची बाग, पाव मैलाचा फेरा. ट्वेंटीनाइन पाम्स गांवालगतची मारा नांवाची पाणथळ, तीही सपाट. रात्रीं झोंपण्यास लोखंडी घडीची खाट. सहलींत डोंगर चढणें हेंच मुख्य असतें, असा आमचा बालिश समज त्या कागदानें काढून टाकला. वहिनींचें नांव यादींत चढलें.

आतां पाणी. उद्यानाचे अधिकारी सांगतात कीं, दर माणशीं दर दिवशीं निदान एक गॅलन, आणि चालायचें असेल तर दोन. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून किंचित् अधिक. आमचा हिशेब नऊ माणसें, तीन दिवस, दोन गॅलन, एकूण ५४ गॅलन असा होता. "दोनशें किलो वजन होईल, आबा! मग माणसें कोठें बसवूं?" चिरंजीव म्हणाले. बरीच घासाघीस झाली. अखेर पांच गॅलनांचे सात कॅन, म्हणजे ३५ गॅलन, सुमारें १३२ लिटर, यावर तडजोड झाली. कारण पहिला व शेवटचा दिवस अर्धाच होता, आणि उद्यानाच्या सीमेवर पाणी पुन्हां भरून घेतां येतें. शिवाय एक नियम आम्हीं सर्वांकडून वदवून घेतला: डोंगर चढतांना ज्याच्या बाटलींतलें निम्में पाणी संपेल त्यानें, शिखर हातभर राहिलें असलें तरी, माघारीं फिरावें.

बाकीच्या सामानाविषयीं विस्तार करीत नाहीं. तंबू, लोकरीच्या टोप्या, गॅसची शेगडी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, विकतचें जळाऊ लांकूड (तेथली काडीसुद्धां उचलतां येत नाहीं), प्रत्येकाची बॅटरी, कागदावर छापलेला नकाशा, कारण आंत भ्रमणध्वनि बहुतेक ठिकाणीं मुका होतो. यादींत शेवटीं सूनबाईंनीं 'फणी' लिहिलें होतें. आम्ही हंसलों.

शनिवारीं दुपारीं आम्ही पोहोंचलों आणि प्रथम हीं झाडें पाहिलीं. त्यांना झाड म्हणावें कीं नाहीं, हाच प्रश्न आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना आपल्या शतावरीच्या कुळांत घालतात! फांद्या वेड्यावांकड्या, टोंकांस सुऱ्यांसारख्या पानांचे झुबके; वाढ वर्षाला फार तर दोन-तीन इंच. बायबलांतल्या जोशुआनें आकाशाकडे हात उभारले तशीं हीं दिसतात म्हणून मॉर्मन पंथाच्या वसाहतवाल्यांनीं तें नांव दिलें, अशी कथा सांगतात. त्यांच्याही आधींपासून येथें राहणारे काहुइया लोक यांच्या पानांच्या टोपल्या व वाहणा विणीत आणि कळ्या व बिया खात. एक लहानसा पतंग या फुलांतलें पराग त्या फुलांत नेऊन ठेवतो आणि तेथेंच अंडीं घालतो. त्याच्या अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाच्या वाट्याला येतात. पतंगावांचून झाड नाहीं, झाडावांचून पतंग नाहीं. २०२०च्या ऑगस्टांत येथून उत्तरेच्या मोहावी राखीव प्रदेशांत वणवा लागून अशीं सुमारें १३ लाख झाडें जळलीं. वाढीची ही गति ध्यानीं घेतां तें रान पुन्हां उभें राहिलेलें आमचीं नातवंडेंही पाहणार नाहींत.

सूर्य पावणेपांचालाच मावळला. तंबू दिवसाउजेडीं उभारावे हें सूनबाईंचें म्हणणें किती रास्त होतें तें शेजारच्या तळावर उशिरां आलेल्या मंडळींची धडपड पाहून कळलें. भोंवतीं दहा-दहा पुरुष उंचीचे गोलसर खडक; भूगर्भांत दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं थिजलेला हा ग्रॅनाइट, वरची माती वाहून गेल्यावर उघडा पडलेला. पिठलें-भात खाऊन उरलेलें अन्न मोटरींत बंद केलें, कारण कोयोट नांवाचे कोल्ह्यासारखे प्राणी रात्रीं फिरतात.

रविवारीं सकाळीं सहाजण रायन पर्वतावर निघालों. जाऊन येऊन तीन मैल, चढण सुमारें १,०५० फूट, शिखर ५,४५८ फुटांवर. दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत, पण पायऱ्यांनींच गुडघे अधिक बोलतात. नात हरिणीसारखी पुढें. वाऱ्यानें घाम लागत नव्हता, आणि त्यामुळें आपण किती पाणी पितों आहों याचें भान राहिलें नाहीं. शिखर अर्ध्या तासावर राहिलें असेल, तेव्हां नातवानें आमची बाटली उन्हाकडे धरून पाहिली. निम्म्याहून खालीं होती.

"आजोबा, नियम," तो म्हणाला. त्याचें मराठी तुटपुंजें आहे, पण हे दोन शब्द त्यानें स्वच्छ उच्चारले. चिरंजीव म्हणाले, "असूं दे रे, माझ्याजवळचें देतों." मोह झाला, खोटें कशाला सांगावें? वरून दूरवर पसरलेला सारा मुलूख दिसतो असें ऐकलें होतें. पुतण्या बरोबर यावयास निघाला आणि आम्ही दोघे उतरलों. नात वरून हात हलवीत होती तेव्हां मागें पाहण्याचें आम्हीं टाळलें. खालीं कॅप रॉकजवळ वहिनी खडकाच्या सावलींत चटई टाकून चिवडा खात बसल्या होत्या. "आलांत? बसा," एवढेंच म्हणाल्या.

सायंकाळीं चोयाच्या बागेंत गेलों. हा निवडुंग लांबून मऊ लोकरीसारखा दिसतो, आणि सूर्य तिरपा झाला कीं त्याच्या कांट्यांभोंवतीं सोनेरी प्रभा उमटते. पण त्याची पेरें नुसत्या स्पर्शानें सुटून अंगाला चिकटतात. नातीनें तें प्रत्यक्ष अनुभवलें. एक पेर मनगटावर घट्ट बसलें आणि ती किंचाळली. चिरंजीव हातानें ओढणार, तोंच वहिनींनीं त्यांना बाजूला सारलें, कनवटीची आपली लांकडी फणी काढली, ती पेर आणि कातडी यांच्यामध्यें सरकविली, आणि एका हिसक्यासरशीं पेर दूर उडविलें. राहिलेले कुसळ त्या चष्मा लावून अर्धा तास वेंचीत होत्या. यादींतली फणी सामानाच्या तळाशीं कोठें होती, देव जाणे.

त्या रात्रीं चंद्र मावळल्यावर आम्हीं वहिनींना उठविलें. तसें त्यांनीं बजावूनच ठेवलें होतें. दोन घोंगड्या गुंडाळून त्या खुर्चीवर बसल्या. वृषभ राशींत गुरु झळकत होता, मागाहून मृग वर येऊन ठेपला होता, आणि ध्रुव आपल्याकडच्यापेक्षां जवळजवळ दुप्पट उंच. पुण्यास तो क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, येथें चौतिसांवर, हें आम्ही समजावून सांगत होतों. वहिनी बराच वेळ वर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या दादांना हें दाखवायला हवें होतें." आमचे वडील बंधु जाऊन अकरा वर्षें झालीं. आम्हीं अंशांचा हिशेब तेथेंच सोडला.

सोमवारीं तंबू उतरविले तेव्हां सातांपैकीं दोन कॅन जसेच्या तसे भरलेले होते. "आबा, ओतून टाकूं का? गाडीचें ओझें कमी होईल," चिरंजिवांनीं विचारलें. आम्हीं ते ओतूं दिले नाहींत. दोन्ही कॅन घरीं आणले, आणि सूनबाईंच्या सज्जांतल्या तुळशीला पुढचे कित्येक दिवस त्यांतलेंच पाणी घातलें.