अल ऐनचा उंटबाजार

हिवाळ्यात पाहुणे आले की आम्ही त्यांना अल ऐनचा उंटबाजार दाखवतो. गेल्या खेपेला तिथला राखणदार उंटाच्या अंगावरची गोचीड उपटून उघड्या बोटांनी चिरडत होता. मला एकदम गावाकडच्या, दोडामार्गच्या काजूबागा आठवल्या.

गोचीड जिथली, ताप तिथला. अमेरिकेतल्या लाइम गावावरून नाव पडलेला आजार ओलसर रानातल्या गोचिडीचा. वाळवंटात तिचा टिकाव नाही. इथली हायलोमा गोचीड मात्र उन्हाला दाद देत नाही. तिच्यामुळे क्रिमियन-काँगो ताप येतो. १९७९ मध्ये दुबईत तो रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाही झाला. १९९४-९५ मध्ये गुरांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात राबणाऱ्यांना. चिरडलेल्या गोचिडीतून, जनावराच्या ताज्या रक्तातूनही तो लागतो. तिकडे १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात पोचला.

गोचीड वेगळी, ताप वेगळा. पण दोन्हीकडे आधी सापडतो तो रानात नाहीतर जनावरांत राबणारा. आपण फोटो काढून परततो. पुढच्या खेपेला खजुराबरोबर हातमोजेही नेणार आहे, त्या राखणदारासाठी.