भंडारदऱ्याचा निरोप

वडिलांच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा आषाढ लागला होता. भंडारदऱ्यात वाढलेल्या त्या मुलाला आता नेवाशाला जायचे होते. सामान बांधून झाले. कळसूबाई चढायचे मात्र राहून गेले. महाराष्ट्रातील ते सर्वांत उंच, १,६४६ मीटरांचे शिखर. "पुढच्या वर्षी नेईन," असे वडील दरवर्षी म्हणत.

तो रुसून धरणाकडे गेला. प्रवरेला अडविणारी ही दगडी भिंत १९२६ साली पुरी झाली. तिच्यामागचे पाणी थेट रतनगडाच्या पायथ्याकडे पसरले आहे. गेल्याच महिन्यात इथली हिरड्याची झाडे काजव्यांनी लखलखत होती. आता सारे डोंगर ढगांत बुडाले होते. निरोप तरी कोणाचा घ्यावा?

वडील मागे येऊन उभे राहिले.

"बाबा, नेवाशाला डोंगर आहे का?"

"नाही. पण हीच प्रवरा तिथे वाहते. हिच्याच काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे ती गोदावरीला मिळते."

मुलाचे समाधान झाले नाही. नदी म्हणजे काही डोंगर नव्हे! तरी भिंतीखालच्या प्रवाहात त्याने एक पान सोडले. "वाटेत बंधारे आहेत, अडकेल ते," तो पुटपुटला.

"अडकेलही," वडील म्हणाले. त्यांचीही नजर पानावरच होती.

दुसऱ्या दिवशी एस.टी. राजूरच्या वाटेला लागली. "दिवाळीच्या सुट्टीत येऊ. आधी कळसूबाई," वडील हळूच म्हणाले. मुलाने उत्तर दिले नाही. खिडकीबाहेर पाहत तो बोटांवर महिने मोजू लागला.