वाटेवर पडलेलं बी

देगलूरच्या एसटी स्टँडवर तासभर बसलं की कान तीन मुलखांत फिरून येतात. एक गाडी उदगीरला सुटते, एक निजामाबादला, एक बिदरला. कंडक्टर मराठीत ओरडतो, त्याला तेलुगूत उत्तर मिळतं, आणि पानवाला सुट्या पैशांवरून जी हुज्जत घालतो ती दखनीत. नांदेडहून ऐंशीएक किलोमीटर आलं की हे गाव लागतं. पुढे थोड्याच अंतरावर राज्य संपतं. आम्ही गेलो तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं, आंध्र होतं. भाषा मात्र तेव्हाही कुठल्याच सीमेवर थांबत नव्हत्या.

1998 चा जानेवारी. संक्रांत नुकतीच झालेली. आम्ही सातजण नगरहून जीपने सुवार्ता-फेरीला निघालो होतो. मी वीस वर्षांचा होतो. गळ्यात शबनम, शबनममध्ये पत्रिकांचे गठ्ठे आणि खिशात मावतील असे दहा नवे करार. निघण्यापूर्वी तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. अनोळखी माणसाशी बोलणं कसं सुरू करायचं, कसं वळवायचं, कुठे आणायचं, हे चार मुद्द्यांत बसवून पाठ करून घेतलं होतं. रात्री एका वहीत आकडे भरायचे: पत्रिका किती, नवे करार किती, ऐकणारे किती. उजवीकडच्या शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘निर्णय’. कितीजणांनी प्रभूला स्वीकारलं, ते तिथे लिहायचं. जेवताना सगळ्यांचा डोळा त्या रकान्यावर.

खरं सांगायचं तर मला हा विश्वास कुणी दिलेला आठवत नव्हता. आमच्या घरात तो पणजोबांपासून होता. वतनासारखा चालत आला. रविवारची उपासना, नाताळची करंजी, आजीच्या तोंडी नारायण वामन टिळकांची भजनं. जे स्वतः कधी हात पसरून घेतलं नाही ते दुसऱ्याच्या हातात कसं ठेवतात, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण वीस वर्षांच्या पोराला असले प्रश्न पडत नाहीत. त्याला मुद्दे पाठ असतात.

स्टँडच्या बाकावर एक म्हातारे हाणेगावच्या गाडीची वाट बघत बसले होते. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. सत्तरीचे असतील. मी शेजारी बसलो. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच शबनमकडे बघून विचारलं, “काय इकलालाव?”

“विकत नाही, बाबा. फुकट आहे.”

“मग तर जपून घ्याया पाहिजे.”

मी नवा करार पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मागून उघडला. उलट्या बाजूने. मला वाटलं, वाचता येत नसेल. ते माझ्याकडे बघून हसले. “आमची साळा उर्दूची. सवय जाती व्हय हाताची?”

शिबिरात हे कुणी सांगितलं नव्हतं. निजामाच्या राज्यात शाळा-कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. 1948 च्या सप्टेंबरात राज्य गेलं, पण त्या शाळांतून शिकलेली पिढी आपली वाचायची दिशा बरोबर घेऊनच म्हातारी झाली. माळ तुळशीची, मनातला अभंग मराठी, आणि अक्षरओळख अलिफ-बे. माझ्या शबनममधला सगळा गठ्ठा त्या माणसापुरता निरुपयोगी होता.

“मराठी लागतंय थोडं थोडं, पर चष्मा घरी हाय,” ते म्हणाले. “तुमीच वाचा की. गाडीला येळ हाय.”

आणि माझे चारही मुद्दे तिथेच गळून पडले. बोलायचं पाठ होतं, वाचून दाखवायचं नव्हतं. समोरचा शेतकरी दिसत होता म्हणून मत्तयाचा तेरावा अध्याय काढला. पेरणाऱ्याचा दाखला. पेरणारा पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकाळ जमिनीत पडून उगवतं आणि उन्हाने करपतं. काही काट्यांत घुसमटतं. उरलेलं चांगल्या जमिनीत पडून शंभरपट, साठपट, तीसपट देतं.

म्हातारे डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं तसे डोळे उघडले.

“ह्यो गडी कुणबी नव्हं.”

“का?”

“तिफन न्हाई, चाडं न्हाई. वाटंवर बी सांडत चाललाय. बी काय फुकट येतंय का, बाबा? आमच्यात चाड्यावर मूठ धरती ती बाई दाणा दाणा बघून सोडती. असं पेरलं असतं तर माझ्या बापानं मला बांधाला बांधून घातलं असतं.”

मी गप्प. सात पिढ्यांचे धर्मपंडित त्या दाखल्यावर लिहीत आले, पण मला त्या बाकावर एकही आठवेना. पुढे कधीतरी वाचलं की तिकडे पॅलेस्टाईनात मुठीने बी फोकून मग वर नांगर फिरवायची रीत होती, असं काही अभ्यासक सांगतात. म्हणजे वाटेवर दाणे पडणारच. तेव्हा हे माहीत असतं तर मी मोठ्या ऐटीत सांगितलं असतं. बरं झालं माहीत नव्हतं, कारण म्हातारे स्वतःच पुढे बोलले.

“का मग देवच आसंल त्यो. त्याला काय बियाची वाण.”

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. पिशवीतून त्यांनी फडकं काढलं, ज्वारीच्या भाकरीचे दोन तुकडे केले, त्यावर ठेचा ठेवला आणि एक माझ्यापुढे धरला. खाता खाता म्हणाले, “पर त्ये शंभरपट म्हणलालाव त्ये कमी हाय. जवारीचं कणीस कवा चोळून बघितलंव का? एका दाण्याला शंभर व्हय?” ज्वारी त्या पुस्तकात नाही, तिथे गहू आणि जव, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि त्यात भाकरीचा घास घातला.

आपल्याकडे ख्रिस्ती माणसाला एक टोमणा जन्मभर ऐकावा लागतो: पोटासाठी बाटलेले. देगलूरहून रस्ता दक्षिणेला जातो त्याच बाजूला मेदकचं प्रचंड चर्च आहे. चार्ल्स पॉस्नेट नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने ते दुष्काळाच्या काळात, 1914 ते 1924, लोकांना कामाच्या बदल्यात अन्न देऊन बांधवलं. 1924 च्या नाताळात त्याचं समर्पण झालं. कामाच्या बदल्यात अन्न, हे सरकारने केलं की आपण नावाजतो. तेच मिशनऱ्याने केलं की नजर तिरपी होते. तिरप्या नजरेतही थोडं सत्य असतं, हे नाकारणारा मी नव्हे. भुकेला माणूस मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही. पण त्या दिवशी बाकावर हिशेब उलटा होता. सुवार्ता सांगायला आलेला भुकेला होता आणि भाकरी माळकऱ्याची होती.

मराठी साहित्यातली या विषयाची सगळ्यांत मोठी गोष्ट अशाच एका प्रवासात घडली. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, नोकरीच्या शोधात. रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. राज्यकर्त्यांच्या जातीचा असूनही त्याने सौजन्याने जागा करून दिली. बोलणं सुरू झालं ते कवितेवरून, धर्म मागाहून आला. उतरायच्या आधी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाला. टिळकांना ते पुस्तक सुरुवातीला रुचलं नाही. दिलेल्या शब्दाखातर वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथून सुटले नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गोऱ्याने वही भरली असेल तर त्यात ‘नवे करार: 1’ एवढंच लिहिलेलं असणार.

मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, पण त्याची गोष्ट मी मंचावरून सांगत नाही. मंचावर ती फार गोंडस होते. डब्यात बसलेल्याला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई दिसत नव्हत्या. बाप्तिस्म्याच्या बातमीने त्या घराचं काय झालं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. नवरा जिवंत असून अंतरलेला, बाई लहान मूल घेऊन नातलगांच्या आसऱ्याने पंढरपुरात, आणि असं एक-दोन नव्हे, चांगली चार-पाच वर्षं. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्याही स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळेला. दिलेलं पुस्तक एकाच्या हातात पडतं, पण त्याची मुळं कुणाच्या घराच्या भिंतीत शिरतील हे देणारा कधी बघत नाही. तो आपल्या स्टेशनवर उतरून गेलेला असतो.

टिळक स्वतः म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. देगलूरला बसून हे फार नीट कळतं. ज्ञानेश्वरीचे थोर निरूपणकार धुंडामहाराज देगलूरकर या गावचे. ज्या मातीत इतकी वर्षं दाखल्यांनी, ओव्यांनी, निरूपणांनी माणसं घडली, तिथे मी चार मुद्दे घेऊन आलो होतो. पेरणाऱ्याचा दाखला त्या म्हाताऱ्यांना परका वाटलाच नाही. नवा कीर्तनकार आला तर त्याची जशी उलटतपासणी घ्यावी तशी त्यांनी ती घेतली. मी त्यांना काही सांगितलं म्हणण्यापेक्षा त्यांनी माझ्याच पुस्तकाचं मला निरूपण करून दिलं.

हाणेगावची गाडी लागली. धर्माचा प्रसार करायचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 25 ने मला दिलेला आहे. तो मी त्या तासाभरात फारसा वापरला नाही. प्रार्थना करू का, हे चौथ्या मुद्द्यानंतर विचारायचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण तोंडात ठेचा होता आणि डोळ्यांत पाणी. त्यांनी नवा करार कोपरीच्या खिशात घातला. “नातू वाचंल, मराठी साळंत हाय,” म्हणाले. दारात पाय ठेवून मागे वळले: “आई हाय नव्हं घरी? कळवलंव का, पोचलो म्हणून?” मी नाही म्हणालो. गाडी गेली.

तासभर मी त्यांना त्यांच्याविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता, नावसुद्धा नाही. समोरच्या एसटीडी बूथवरून मी आईला फोन लावला.

रात्री वहीत पत्रिका शून्य, नवे करार एक, ऐकणारे एक, निर्णय शून्य. फेरीप्रमुखांनी वही बघून काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मला जीपजवळ सामान राखायला बसवलं. ‘ऐकणारे’ या रकान्यात मी खरं तर स्वतःचं नाव लिहायला हवं होतं, पण तशी सोय त्या वहीत नव्हती.

गेल्या वर्षी एका शेतकरी मित्राकडून ज्वारीचं एक भरलेलं कणीस घरी आणलं, ताटात चोळलं आणि दाणे मोजायला बसलो. नऊशे बारापर्यंत मोजले. मग चहा आला. ताटात अजून बरेच उरले होते.