आधी भाकर



काळजीने ग्रासलेला माणूस भेटला की आपण त्याला बहुधा फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय दाखवतो. चिंता सोडून सगळे काही प्रार्थनेत देवापुढे मांडा, असे पौल तिथे सांगतो. वचन मोठेच आहे, आणि पौल ते बेड्यांत असताना लिहितो, म्हणून त्याला तो अधिकारही आहे. आपण मात्र तेच वचन चहाचा कप हातात धरून दुसऱ्याला सांगतो. हा फरक ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. मग आधीच्या काळजीवर त्याला आणखी एक काळजी लागते: मला चिंता वाटते, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतो की काय?

म्हणून मी अलीकडे आधी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 19 वा अध्याय काढते.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया दुसऱ्याच अध्यायात जीव मुठीत धरून पळतो, कारण ईजबेल राणीने उद्या या वेळेपर्यंत तुला संपवते असा निरोप धाडलेला असतो. बैरशेब्याला तो आपल्या सेवकाला मागे ठेवतो आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो. ही सेवकाला मागे ठेवण्याची बाब मला नेहमी थांबवते. फार घाबरलेला माणूस असेच करतो, सोबतीचे माणूस आधी दूर करतो. मग एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो आणि झोपी जातो.

मिस्सेत हे वाचन ब वर्षी, सामान्य काळातल्या 19 व्या रविवारी येते. वाचकांची तयारी करून घेताना माझ्या लक्षात आले की ते चौथ्या ओवीपासून सुरू होते. म्हणजे एलीया झुडपाखाली का आला, ती राणीची धमकी आणि ती भीती, मंडळीच्या कानावर पडतच नाही. अ वर्षी त्याच रविवारी होरेबावरचा प्रसंग असतो, वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची ती शांतता. तिथेही मधली एलीयाची तक्रार गाळलेली आहे. वाचनाची लांबी बघून हे करावे लागत असणार, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण घरी वाचताना पहिल्या ओवीपासून वाचा. भीती आणि तक्रार काढून टाकली की एलीया आपल्यापासून लांब जातो.

दृढीकरणाच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "टीचर, देवदूत आलाच होता तर त्यानं ईजबेलीला का नाही गप्प केलं? भाकरी कशाला आणली?"

प्रश्न अगदी रास्त. देवदूत एलीयाला धीर धर म्हणत नाही, तुझा विश्वास कुठे गेला असे विचारत नाही, संकटही दूर करत नाही. तो त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. मरण मागणाऱ्या माणसाला देव आधी झोपू देतो, खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवल्यावरच पुढची वाट फार लांब आहे हे सांगतो. चुलीसमोर बसलेली आपली कुठलीही आजी याच क्रमाने वागली असती.

2024 च्या ऑगस्टमध्ये हा रविवार आला तेव्हा आमच्या घरी आईच्या बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहणे चालू होते. बेळगावचा पाऊस, ओले कपडे घरभर वाळत घातलेले, आणि फोन वाजला की सगळ्यांचे चेहरे तिकडे. मी एम.ए. नाही पण बी.ए. ला साहित्य शिकलेली बाई, शब्दांवर माझा भरवसा. त्या दिवसांत मात्र एक ओळ धड वाचवत नव्हती. शेजारच्या काकू रोज सकाळी दोन भाकरी आणि कसलीतरी भाजी झाकून आणायच्या. त्या ख्रिस्ती नाहीत, एलीया त्यांना ठाऊक नाही. "खाऊन घे गं आधी," एवढेच म्हणायच्या आणि जायच्या. रिपोर्टचे विचारायच्या नाहीत. रिपोर्ट चांगला आला नाही, हे इथेच सांगून टाकते.

त्यानंतर मी गेथशेमाने बागेचा प्रसंग पुन्हा वाचला. लूक सांगतो, तिथेही एक देवदूत आला आणि त्याने प्रभूला बळ दिले. प्याला मात्र दूर झाला नाही. प्रभू तो दूर व्हावा म्हणून प्रार्थना करत होता, तरी. जो प्रभू वादळात नावेत उशीवर डोके ठेवून झोपला होता, त्याचाच घाम इथे रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. व्याकूळ होणे हे पाप असते तर ही ओळ शुभवर्तमानात आली नसती.

स्तोत्रसंहितेतही पाहा. 150 स्तोत्रांत विलापांची संख्या फार मोठी आहे. 13 वे स्तोत्र देवाला किती काळ, किती काळ असे चार वेळा विचारते. बहुतेक विलाप शेवटी तरी स्तुतीकडे वळतात. 88 वे वळत नाही, ते अंधारातच संपते. आणि ख्रिस्तसभेने ते लपवून ठेवलेले नाही, दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते ठेवले आहे. ज्या रात्री स्तुती ओठांवर येत नाही त्या रात्री हे स्तोत्र म्हणावे. तीही प्रार्थनाच आहे.

आपल्या मराठीत हे पुस्तक आणणाऱ्यांनीही सुखात बसून ते आणलेले नाही. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. विलापाची स्तोत्रे वाचताना मला त्यांची आठवण येते.

आईची केमोथेरपी सुरू झाल्यावर मी तिच्याबरोबर जात असे. सलाईन लावले की चार-पाच तास बसून राहायचे. तिसऱ्या खेपेला शेजारच्या पलंगावर खानापूरकडच्या एक बाई होत्या. आईच्या उशाशी शास्त्र पाहून त्यांनी विचारले, यात काय असते? मला वाटले आई त्यांना मेंढपाळाचे स्तोत्र सांगेल. तिने एलीयाची गोष्ट सांगितली, तिच्या पद्धतीने. राणी मारायला निघाली, हा बाबा पळाला, झाडाखाली जाऊन निजला, मला ने म्हणाला देवाला. देवानं भाकरी पाठवली.

त्या बाई बराच वेळ सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग, जेवला काय त्यो?"

"दोनदा," आई म्हणाली.