बापलेकींचे जंगल

सौसर तालुक्यातून वाहणारी कन्हान पुढे कामठीजवळ पेंचला पोटात घेते. कन्हान आपल्या घरची. पेंच मात्र आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. लग्नकार्य नागपूरला, दवाखाना नागपूरला, तेव्हा महाराजबागेतला पिंजऱ्यातला वाघ घरोघरच्या तीन पिढ्यांनी पाहिला. लोधीखेड्याहून सकाळी निघून गाठता येणारे जंगल तेवढे पाहायचे राहून जाते.

गेल्या चैत्रात नातवाला घेऊन बिछुआमार्गे जामतऱ्याच्या फाटकातून आत गेलो. चैत्रात सागाचे रान उघडेबोडके असते. तळहातांएवढी नव्हे, सुपाएवढी वाळकी पाने गाडीखाली कुरकुरत होती. कांडोळाची पांढरीफटक खोडे उन्हात चमकत होती. त्याला तिकडे भुताचे झाड म्हणतात, आणि संधिप्रकाशात ते एकदा पाहिल्यावर नावाचे कारण विचारावे लागत नाही. चितळ दिसले, गवे दिसले, वाघ दिसला नाही. नातू हिरमुसला. माझे मात्र वाघाकडे फारसे लक्षच नव्हते.

आमचा वाटाड्या गोंड तरुण होता. तो ‘साजा’ म्हणे, मी ‘ऐन’ म्हणे. त्याचा ‘धावा’ तो माझा ‘धावडा’, त्याचा ‘अचार’ ती माझी चारोळी, त्याचा ‘अमलतास’ तो माझ्या आजीचा बहावा. नातवाला यांतले अमलतास तेवढे ठाऊक, तेही शाळेच्या हिंदी पुस्तकामुळे. “आजोबा, झाड एकच आहे ना? मग भांडता कशाला?” तो म्हणाला. भांडण नव्हते, पण बहावा हा शब्द आमच्या घरात माझ्यानंतर कोण उच्चारणार, हा प्रश्न मनात होता, आणि तो वाटाड्यापुढे कसा मांडणार?

तेवढ्यात त्यानेच ऐनाचे तिसरे नाव सांगितले, गोंडीतले. ते मला दोनदा म्हणूनही नीट म्हणता आले नाही. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख. भोसल्यांच्या मागे आपली घराणी इकडे सरकली, तेव्हा या झाडांना नावे होतीच. आपण मराठीच्या ओहोटीची तक्रार करतो आणि ती खरीही आहे. पण तशीच तक्रार करण्याचा अधिकार आपल्याआधी कुणाचा, हे त्या जंगलात फार स्पष्ट दिसते.

सीमेची कथा आपणांस पाठ आहे. सौसर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण इकडे राहिलो. जंगलाचीही तशीच वाटणी झाली. महाराष्ट्राने आपल्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली केले, मध्य प्रदेशाने १९८३ साली. व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा इकडे १९९२ साली आला, तिकडे १९९९ साली. तिकडच्या उद्यानाला पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव, इकडच्याला इंदिरा प्रियदर्शिनींचे. बाप एका राज्यात, लेक दुसऱ्या राज्यात. सीमेपलीकडे लेकी दिलेल्या आपल्या घरांना याचे हसू येऊ नये. आणखी एक वाटणी २०२३ साली झाली: पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला, जामतरा छिंदवाड्यात राहिले, म्हणून पेंच आता आपल्याला परजिल्ह्यातही आहे.

दोहोंच्या मध्ये तोतलाडोहचे पाणी पसरले आहे. धरणाची वीज दोन्ही राज्यांची. बुडालेल्या जमिनीपैकी सुमारे ५४ चौरस किलोमीटर इकडची. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि उघड्या पडलेल्या गाळावर हिरवे गवत येते. बाकीचे रान करपलेले असताना चितळांचे कळप तेथे उतरतात. काठावर उभे राहून राज्याची हद्द शोधण्याचा प्रयत्न नातवाने केला. पाणकावळे दोन्हीकडे सारखेच बसले होते.

परतताना फाटकाबाहेर मोह गळत होता. गाभा क्षेत्रात फुले वेचायला बंदी आहे, म्हणून बायका-पोरे गावालगतच्या झाडांखाली टोपल्या घेऊन बसली होती. काही झाडांखालचा पाला जाळून जागा स्वच्छ केलेली दिसली. फुले सापडावीत म्हणून लावलेली ही आग कधी कधी रानात शिरते आणि वणवा पेटतो. नातवाने दोन फुले तोंडात टाकली, गोड लागली म्हणाला, आणि वहीत तीन रकाने आखले: मराठी, हिंदी, गोंडी. पहिले दोन भराभर भरले. तिसऱ्यात वाटाड्याने पाच नावे सांगितली आणि तो थांबला. “बाकी हमारी दादी से पूछना पड़ेगा,” तो म्हणाला.